हा प्रश्न कोणत्या विषयात येतो?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सगळ्यात आधी आपलं अभिनंदन. २५ वर्षं एक गृहनिर्माण संस्था चालवणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं एकदा तरी वार्षिक सभेत ‘नळाचं पाणी’ हा विषय ऐकला आहे त्यालाच कळेल. भांडणं झाली असतील, रुसवे झाले असतील, पण आज सगळे एका मांडवात बसलात. हे सोपं नाही.

सचिव साहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “सर, दहावी-बारावीची पोरं आहेत, त्यांना करिअरवर दोन शब्द सांगा.” मी हो म्हटलं. मग विचारलं, “आर्ट्सवर बोललो तर चालेल का?” पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, “बोला ना सर. फक्त पालक उठून जातील असं नका बोलू.”

तर आधीच सांगून टाकतो, तुमच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करू नका असं सांगायला मी आलो नाही. खुशाल करा. गावाला डॉक्टर पाहिजेच. पण आपल्या भागात एक पद्धत पडली आहे. ज्याला ८५ टक्के पडले तो सायन्सला, ज्याला ६० पडले तो कॉमर्सला आणि ज्याचं काहीच जमलं नाही तो आर्ट्सला. “काय करते पोरगा?” “काही नाही, बी.ए. करते.” हे ‘काही नाही’ मी ३० वर्षं ऐकलं आहे, कारण त्या ‘काही नाही’ला शिकवणारा मास्तर मीच होतो. या भागातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवलं. आज मी बोलणार आहे ते माझ्या एका चुकीबद्दल, आणि त्या चुकीतून मला जे थोडंफार उमगलं त्याबद्दल.

गोष्ट २०१७ च्या खरिपाची आहे. तुम्हाला तो हंगाम आठवत असेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करता करता माणसं पडायला लागली. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. कोणाला दिसेनासं झालं, कोणाला उलट्या, कोणाला श्वास घेता येईना. एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. दिल्ली-मुंबईचे पत्रकार आले, सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं.

माझ्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा त्या दिवसांत आठ-दहा दिवस आलाच नाही. आला तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, “कुठं होतास रे इतके दिवस?” तो म्हणाला, “बाप दवाखान्यात होता सर. फवारणीनं.” वर्ग गप्प झाला. मी पण गप्प झालो आणि थोड्या वेळानं फळ्याकडे वळून शिकवायला लागलो. त्या दिवशीचा धडा होता मजुरीचे सिद्धांत. म्हणजे बघा, ज्याचा बाप रोजानं फवारणीला जाऊन दवाखान्यात पडला होता, त्याला मी मजुरीचा सिद्धांत शिकवत होतो आणि मला त्या दोन गोष्टींचा काही संबंध दिसला नाही.

तास संपल्यावर तो व्हरांड्यात थांबला होता. म्हणाला, “सर, एक विचारू का? माझ्या बापाले हे काहून झालं, हा प्रश्न कोणत्या विषयात येते?”

मी म्हणालो, “अरे, हा केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. नाही तर कृषीवाल्यांना विचार.”

तो “बरं सर” म्हणाला आणि गेला.

ही माझी चूक. त्या रात्री मला काही झोप आली नाही. कागद घेतला आणि त्या मुलाचा प्रश्न वर लिहिला. म्हटलं, बघू तरी हा खरंच केमिस्ट्रीत बसतो का.

पहिली गोष्ट, औषध कोणतं होतं आणि दोन-तीन औषधं एकत्र केल्यावर काय होतं. हे रसायनशास्त्र, कबूल. पण त्या वर्षी एवढी फवारणी का लागली? बी.टी. कापसाला देशात परवानगी मिळाली २००२ साली. बोंडअळी येणारच नाही असं लोकांनी धरून चाललं होतं. पण २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पचवायला शिकली होती. त्यातच त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली. फवारा खाली पडायचा तो तोंडावर यायला लागला. हे झालं शेतीशास्त्र.

आता पुढं. पंप कोणाच्या पाठीवर होता? बहुतेक ठिकाणी मजुराच्या. शेत एकाचं, उधारीनं औषध देणारा दुसरा, पंप पाठीवर घेणारा तिसरा. जो उधार देतो तो जी डबी देईल ती घ्यावी लागते. इथं अर्थशास्त्र सुरू होतं, म्हणजे माझाच विषय, आणि मी मुलाला सांगितलं होतं की हा माझा विषय नाही.

मग त्या डबीवर काय लिहिलेलं असतं? रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जास्त विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, इतक्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्यातूनही वाचता येत नाही. मराठीत आहे, पण ती मराठी कोणाची आहे? शेतात पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या बोलीत ती कोणी लिहिली का? घरात गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्याला ती किती कळते? हा भाषेचा प्रश्न.

हातमोजे, मास्क, चष्मा घाला म्हणतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ओल्या वावरात ते घालून बघा. शिवाय “आपल्याले काही होत नाही” असं म्हणायची पुरुषांना सवय असते, घाबरला असं कोणी म्हणू नये म्हणून. हे मानसशास्त्र आहे, संस्कृती आहे. चक्कर आली तरी मजूर “आज नाही करत” असं मालकाला म्हणू शकतो का? मजूर कोण, कोणत्या वस्तीतला, त्याला जमीन का नाही? इथं समाजशास्त्र आलं. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, त्याची अंमलबजावणी कोणी करायची? ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची नोंद कोणत्या रकान्यात होते? हा कायदा आणि राज्यशास्त्र.

आणि सगळ्यात शेवटी, इथं एवढा कापूस आला कुठून? १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढं मूर्तिजापूरहून यवतमाळला शकुंतला रेल्वे आली तीही कापसासाठी. म्हणजे त्या मुलाच्या बापाच्या पाठीवरच्या पंपाची एक दोरी दीडशे वर्षं मागं जाते. हा इतिहास.

रात्री दोन वाजता कागद संपला. प्रश्न एकच होता आणि विषय निघाले आठ-नऊ. बापाला ते एकत्रच भोगावं लागलं. आम्ही मास्तरांनी मात्र ते वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या तासाला वाटून ठेवले होते आणि या खोलीतला त्या खोलीत डोकावत नव्हता.

मित्रांनो, आज ज्याला ‘आंतरविद्याशाखीय मानव्यविद्या’ असं जड नाव दिलं आहे, ते माझ्या मते एवढंच आहे. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे शिकायचे, पण विषयापासून सुरू करून प्रश्नाकडे जाण्याऐवजी प्रश्नापासून सुरू करायचं आणि तो जिथं जिथं नेईल त्या विषयाच्या दारात जायचं.

कोणी म्हणेल, ही नवी टूम आहे, परदेशातून आली. अजिबात नाही. आपल्याकडची मोठी माणसं असंच शिकली आणि असंच लिहीत होती.

महात्मा फुल्यांनी १८८० च्या दशकात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ते पुस्तक कोणत्या विषयाचं? त्यात कर्ज आहे, जात आहे, शिक्षण आहे, सरकारी नोकरशाही आहे, जमिनीची धूप आणि पाणी अडवण्याचा विचारही आहे. आजच्या ग्रंथपालाला ते कोणत्या कपाटात ठेवावं असा प्रश्न पडेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी कोणते तास केले याची नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवी अर्थशास्त्राची, पण १९१६ साली त्यांनी तिथं निबंध वाचला तो जातीवर. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतांवर लेख लिहिला. सगळे म्हणत होते शेतं तुकड्या-तुकड्यांची आहेत म्हणून शेती तोट्यात आहे. बाबासाहेबांनी सांगितलं की नुसता तुकड्याचा आकार बघू नका, शेतीला लागणारी साधनं आणि भांडवल किती आहे ते बघा, आणि शेतीवर जास्तीची माणसं अडकली आहेत त्यांना उद्योगात काम द्या. आपल्या ढाणकीच्या शिवारात आज दोन-तीन एकरवाले किती आहेत ते तुम्हीच मोजा आणि तो विचार जुना झाला का ते सांगा.

इरावती कर्वे घ्या. बर्लिनला जाऊन त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. त्यांच्या मार्गदर्शकाला वंशावंशात फरक दाखवायचा होता. बाईंनी मापं घेतली आणि तसा काही संबंध दिसत नाही असं स्वच्छ लिहिलं. परत येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नातेसंबंधांचा अभ्यास केला, कोयना धरणात ज्यांची गावं बुडाली त्यांची पाहणी केली, आठवडी बाजारांचा अभ्यास केला आणि त्याच बाईंनी महाभारतावर ‘युगान्त’ लिहिलं. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आठवडी बाजार हा संशोधनाचा विषय होऊ शकतो हे मला कोणी विद्यार्थी असताना सांगितलं नाही. आपल्या ढाणकीच्या बाजारात आजूबाजूच्या खेड्यांतली, बंदी भागातली माणसं येतात. कोण काय विकायला आणतं, कोण कुठं बसतं, कोण कोणाशी उधारीनं वागतं हे नुसतं चार आठवडे नोंदवलं तरी पीएच.डी.ची सुरुवात होईल.

आणि गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. हे मुळात गणिताचे प्राध्यापक. जुनी नाणी हातात आली तेव्हा त्यांनी ती तराजूत टाकली. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, मग वजनावरून ते किती वर्षं चलनात होतं याचा हिशेब मांडता येतो. गणितवाला माणूस इतिहासात शिरला आणि इतिहासकारांना नवीन साधन देऊन गेला. पुण्याच्या आजूबाजूच्या डोंगरांत पायी फिरून त्यांनी गावदेवींची ठाणी आणि दगडी हत्यारं नोंदवली. तेव्हा इथं बसलेल्या सायन्सच्या मुलांनो, हे व्याख्यान तुमच्यासाठी नाही असं समजू नका.

आता थोडं आपल्या दाराशी येऊ. आपण ढाणकीकर. पैनगंगा ओलांडली की हिमायतनगर, जुनी माणसं ज्याला अजून वाढोणा म्हणतात. सोयरीक तिकडे, बाजार तिकडे. पण ही नदी एकेकाळी दोन राज्यांची सरहद्द होती. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि नदीपलीकडे निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलं. म्हणून काही घरांत आजीच्या माहेरचे जुने कागद उर्दूत सापडतात आणि आजोबांकडचे मराठीत. आजी-आजोबांची गावं दहा-पंधरा कोसांवर. एखाद्या नातवानं विचारलं, “आजी, तुझ्याकडचे कागद मला वाचता का येत नाहीत?” तर तो इतिहासात शिरला, भाषेत शिरला आणि महसुलाच्या कायद्यातही शिरला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेट हा शब्द राज्यभर गाजला. चहाच्या टपरीवर, मोबाईलवर, सगळीकडे तेच. तुम्ही कोणत्या बाजूचे हे मी विचारत नाही आणि माझी बाजूही सांगत नाही, आज तो दिवस नाही. पण माझा प्रश्न एवढाच आहे की त्यावर तावातावानं बोलणाऱ्यांपैकी किती जणांना गॅझेटियर म्हणजे काय, ते कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, त्यातली माणसांची मोजणी कशी झाली हे माहीत होतं? तसंच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो आणि शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातीत. माणसं तीच, बोली तीच, मग कागद वेगळा का? याचं उत्तर एका विषयात नाही. पण ज्या मुलाला ते शोधता येईल त्याला कोणी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर भडकवू शकणार नाही. पालकांनो, खरी भीती मला इथं वाटते. आपल्या पोराला नोकरी लागेल की नाही ही भीती आहेच, पण नोकरी लागलेलं, मोबाईल हातात असलेलं आणि शेजाऱ्याबद्दल काहीच न समजणारं पोरगं, त्याची भीती जास्त.

आता पोटाचा प्रश्न. मी जर सांगितलं की हे शिकल्यावर अमुक लाखाचं पॅकेज मिळेल, तर मी खोटं बोललो असं होईल. बी.ए. झालेल्या पोरांची अवस्था मी पाहिली आहे. चार वर्षं पोलीस भरतीचं मैदान, मग दुकान. तेव्हा नुसतं आर्ट्स घ्या असं मी म्हणत नाही. आर्ट्स नीट घ्या, असं म्हणतो.

नीट म्हणजे कसं? नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात एक मुख्य विषय असतो, मेजर. त्याच्या जोडीला मायनर. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आर्ट्सवाल्याला दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो आणि सायन्सवाल्याला आर्ट्सचा. फील्ड प्रोजेक्ट आहे, म्हणजे गावात जाऊन काम. चार वर्षं पूर्ण केली तर ऑनर्स. कागदावर हे चांगलं आहे. पण प्रवेश घेताना पालकांनी महाविद्यालयात तीन प्रश्न विचारायचे. पहिला, ओपन इलेक्टिव्हमध्ये खरंच निवड आहे, की जो मास्तर रिकामा आहे त्याचाच विषय गळ्यात मारतात? दुसरा, मागच्या वर्षीचे फील्ड प्रोजेक्ट दाखवा, मुलं खरंच कुठं गेली होती का? बाजारातून आणलेल्या छापील फायली असतील तर तुम्हाला बघताक्षणी कळेल. तिसरा, वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? फी विचारायला आपण लाजत नाही, मग हे विचारायला का लाजायचं?

ज्याची तयारी आहे त्यानं बाहेरही बघावं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे. शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास करून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला तो याच संस्थेनं. तिचं एक आवार आपल्या तुळजापूरला आहे. पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, १९३० ची. आय.आय.टी. मुंबईतसुद्धा मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही हे विषय शिकावे लागतात. म्हणजे देशातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या पोरांना जे शिकवतात, ते आपण इथं ‘काही नाही’ म्हणून टाकून देतो.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठीही सांगतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. गोल काळे करण्याचे दिवस तिथं तरी संपले. आता लिहावं लागतं, आणि लिहायचं तर एकाच प्रश्नाकडे चार बाजूंनी बघता आलं पाहिजे. गाईड पाठ करून ते येत नाही.

एक धोक्याची सूचनाही देतो. सगळे विषय थोडे थोडे म्हणजे आंतरविद्याशाखीय नव्हे. थोडं थोडं सगळं तर व्हॉट्सॲपलाही येतं. एका विषयात मूळ धरलं पाहिजे. बाबासाहेबांचं अर्थशास्त्र पक्कं होतं, कोसंबींचं गणित पक्कं होतं, कर्वेबाईंचं मानववंशशास्त्र पक्कं होतं. ज्याचं कुठंच मूळ नाही तो फांद्या कितीही पसरो, पहिल्या वाऱ्यात आडवा होतो. एक विषय खोल, बाकीच्यांशी बोलण्यापुरती ओळख आणि आपल्याला काय येत नाही ते कबूल करायची तयारी. शेवटची गोष्ट मला स्वतःला शिकायला फार वर्षं लागली.

आता तुमच्या संस्थेला एक काम सांगतो. भाषण फुकट नाही, ही त्याची फी समजा.

आपल्या सोसायटीच्या कपाटात २५ वर्षांची इतिवृत्तं आहेत. सभेत कोण काय बोललं, कोणता ठराव झाला, कोणी विरोध केला. आपण ते ऑडिटपुरतं काढतो आणि परत कुलूप लावतो. माझी विनंती आहे की इथल्या दहा मुलांना ते वाचायला द्या. त्यांना तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला लावा.

पहिला, आपण इथं राहायला आलेली माणसं कुठून कुठून आलो आणि का आलो? नोकरीसाठी, मुलांच्या शाळेसाठी, की गावातली शेती परवडेना म्हणून? घरोघर जाऊन विचारा. ढाणकी खेड्याची नगरपंचायत कशी झाली, याचं निम्मं उत्तर तिथंच मिळेल.

दुसरा, २५ वर्षांत ठरावांवर बायकांच्या सह्या किती? घर दोघांनी बांधलं, हप्ते दोघांनी फेडले. भागधारकाच्या प्रमाणपत्रावर नाव कोणाचं आहे? हसू नका, मोजा. आकडा आला की कोणावर आरोप करायची गरज राहत नाही.

तिसरा प्रश्न जरा जड आहे. ही जागा अकृषक होण्याआधी काय होती? जुना सातबारा काढा. पीकपाहणीच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघा. कापूस होता का, ज्वारी होती का? ज्याची ती जमीन होती त्यानं ती का विकली, तो आज कुठं आहे? आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराखाली कोणाचं तरी वावर होतं. तो चुकला किंवा आपण चुकलो असं मी म्हणत नाही, व्यवहार रीतसर झाला असेल. पण आपल्या मुलांना हे माहीत असावं. पायाखाली काय आहे ते माहीत असलेलं पोरगं समाजात वेगळं वागतं, असा माझा अनुभव आहे. पुढच्या वर्षीच्या वार्षिक सभेत या दहा मुलांना पंधरा मिनिटं द्या. विषयपत्रिकेत पाण्याच्या आधी घाला, नंतर घातलं तर वेळच उरणार नाही.

शेवटी त्या मुलाचं सांगतो. बाप वाचला. पण नजर पहिल्यासारखी राहिली नाही आणि पंप पाठीवर घ्यायचं काम बंद झालं. मुलानं त्या वर्षी कॉलेज सोडलं. मी निरोप पाठवला, तो आला नाही. पुढं दोन वर्षांनी त्यानं नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं, हे मला दुसऱ्याकडून कळलं. आता तो एका कृषी केंद्रात कामाला आहे. मागच्या दिवाळीत भेटला. म्हणाला, “सर, मी सगळ्याइले डबीवरचा त्रिकोण दाखवतो. लाल असन तर दोनदा सांगतो. आपल्या बोलीत एक कागद लिहून दुकानात लावला.”

मला बरं वाटलं. मी तसं म्हणालोही. तर तो म्हणाला, “पण सर, ऐकणारा मजूर रायते. तो म्हणते, मालकानं हेच सांगतलं आहे, मी काय करू? आता त्याले काय सांगू मी?”

या वेळी मी त्याला कोणत्याही विषयाकडे पाठवलं नाही. म्हटलं, “मला माहीत नाही. बस, आपण दोघं मिळून विचार करू.” आम्ही तासभर बसलो. पूर्ण उत्तर निघालं नाही. पण मजुरांऐवजी मालकांचीच एक बैठक खरिपाच्या आधी दुकानात बोलवायची, इथपर्यंत आम्ही आलो. पुढच्या खरिपात ती होईल असा त्याचा शब्द आहे, आणि मीही जाणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही मनात असा एखादा प्रश्न असेल जो कोणत्याच पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत नाही. तो टाकून देऊ नका. तुमच्या सरांना विचारा. सर माझ्यासारखे चुकले तर पुन्हा विचारा.

आपल्या संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा देतो आणि थांबतो. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, एकही पालक उठून गेला नाही, सचिव साहेबांनी याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.